धावला, धरलं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. बस पुलापाशी सोडून गेली, तिथून नदीच्या काठाने पाऊण तास चालत यावं लागलं. खांद्यावर ट्रंक, हातात पिशवी, तरी पाय असे भराभर पडत होते की माझं मलाच हसू आलं. पन्नाशीला दोन वर्षं उरली असताना माणूस नवी विद्या शिकायला निघतो, तेव्हा त्याचं डोकं तरी फिरलेलं असतं किंवा देवाची कृपा तरी झालेली असते. माझ्या बाबतीत कृपा झालीय असं मी धरून चाललोय. डोकं फिरलंय हे आमच्या हिचं मत.

सव्वीस वर्षं पुस्तकं बांधली. दुकान बंद झालं त्या दिवशी उरलेल्या कागदाची ही वही शिवली आणि ठरवलं, हिच्यात लिहायचं ते काही नवीन सुरू झाल्यावरच. आज झालं.

काम असं आहे. सॅल्मन माशाच्या गळावर पूर्वी पिसांच्या माश्या बांधायचे. माशी म्हणजे घरातली नव्हे, दागिनाच म्हणावा. बोटभर लांबीच्या काळ्या गळावर रेशीम, जर आणि दहा-बारा पक्ष्यांची पिसं. आता त्या पाण्यात कोणी टाकत नाही, चौकटीत लावतात. इथल्या उस्तादांच्या माश्यांना लांबून मागणी येते. त्यांची नजर उतरत चालली म्हणून बारीक हाताचा माणूस हवा होता. त्यांनी माझी बोटं उजेडात धरून पाहिली आणि राहा म्हणाले.

वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळे, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. टेबलाला हात लावण्याआधी मी मनात देवाचं नाव घेतलं ते त्यांना दिसलं असावं. लगेच माझं नाव ‘बुवा’ ठेवून मोकळे झाले. स्वयंपाकाच्या मावशीही जेवताना तेच म्हणाल्या. असू दे.

कामाच्या खोलीला उत्तरेकडची मोठी खिडकी आहे. भिंतीवर पाच चौकटी, प्रत्येकीत एकेक माशी. सहावी चौकट रिकामी आहे, पण तिचीही काच पुसून लख्ख.

५ नोव्हेंबर, बुधवार

गळ छोट्या शेगड्यात, म्हणजे टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, घट्ट धरायचा. त्याला डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, नसतो. रेशमाच्या किड्याच्या आतड्याचा बारीक फास करून तो वर बांधायचा, तोच डोळा. मग मेण लावलेला धागा. मग जरीचे वेढे, पाच म्हणजे पाच. सोनेरी तुऱ्याची शेपटी, शहामृगाच्या काळ्या पिसाची गाठ, रेशमाचं अंग. आणि शेवटी पंख. पंखाची गंमत मला फार आवडली. लाल, पिवळ्या, निळ्या अशा वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांचे दोन-दोन तंतू सुटे करायचे, एकाला एक लावायचे आणि बोटाने हलकेच चोळायचे. ते आपोआप एकमेकांत अडकतात. जणू एकाच पक्ष्याचं पीस. गालावर रानकोंबड्याच्या मानेचं पीस, त्याच्यावर डोळ्यासारखा चकचकीत ठिपका.

दुपारी विचारलं की मासा ही खातो कशाला. उस्ताद म्हणाले, खातच नाही. सॅल्मन समुद्रातून आपल्या नदीत परतला की अन्न सोडतो. पोट आक्रसतं, खालचा जबडा वाढून आकड्यासारखा वर वळतो. मग माशी धरतो ती रागाने. एकदा दाखवली तर नुसता बघतो. त्याच जागी, तशीच, पुन्हा पुन्हा दाखवली की वळतो. मग धावतो. आणि एक दिवस संतापून तोंड उघडतो.

मला हे एखाद्या प्रवचनात शोभेलसं वाटलं. म्हणून मीही मन मोकळं केलं. राग माझाही जुना रोग. मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्याच्या हातून मी बांधलेल्या ग्रंथावर सरस सांडला आणि मी त्याच्या कानाखाली मारली. डाव्या कानाचा पडदा फाटला तो कायमचा. त्याला आज अकरा वर्षं झाली. तेव्हापासून हात उचलायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही असं देवासमोर बोललोय, आणि पाळलंय.

उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोणता कान, तेवढं पुन्हा विचारलं.

संध्याकाळी ते लाल कापडाच्या बांधणीच्या एका वहीत एक ओळ लिहितात. नदीची नोंद असावी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली अख्खी माशी बांधली. साडेसहा तास लागले. उस्तादांनी भिंगातून पाहिली, छान म्हणाले, फार छान म्हणाले, आणि ब्लेडने डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रेघेत कापली. पिसं टेबलावर पसरली. उघडा गळ त्यांनी पुन्हा माझ्या शेगड्यात लावला.

जरीचे वेढे सहा झाले होते. माझीच चूक. गावच्या शाळेत आमचे गुरुजी पुस्तीत एक अक्षर ओळीखाली गेलं तर अख्खं पान फाडायचे. त्यानेच हात सुधारला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हिचा फोन आला. मुलगा तीस तारखेला, रविवारी, इथे येतो म्हणालाय. आपणहून! इतक्या वर्षांत मला भेटायला म्हणून तो कुठे आलेला नाही. घरी असला की माझ्या डावीकडेच बसतो, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे राहतो. तेवढीही त्याची माया मला पुरते. पण त्याने यावं, त्याला काहीतरी द्यावं, अशी संधी मिळाली नव्हती.

एक माशी पुरी करून त्याच्या हातावर ठेवायची. माझ्याच्याने धड काहीतरी झालेलं त्याने एकदा बघावं, बस.

उस्तादांना सांगितलं. त्यांनाही आनंद झाला. नक्की येतोय ना, असं दोनदा विचारलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालची कापली. पंख केसभर खाली होता म्हणे. आजचीही कापली.

घरामागे दगडी हौद आहे. ओढ्याचं पाणी आत येतं, बाहेर जातं. जरा डोकं शांत व्हावं म्हणून तिथे जाऊन बसलो. आत पाच मोठे मासे, तांबूस, म्हातारे. खालचा जबडा आकड्यासारखा. भाकरीचा तुकडा टाकला तर एकानेही ढुंकून पाहिलं नाही, तुकडा तळाला गेला. पण माझी सावली पाण्यावर पडताच पाचही असे अंगावर धावून आले की मी मागे सरलो. दगडावर थडाथड डोकी आपटली त्यांनी.

इतका राग मुक्या जिवात कुठून येतो, कोण जाणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजच्या माशीत चूक नव्हती. मी तीनदा तपासली. कापली.

कारण विचारलं तर उस्ताद हसून म्हणाले, प्रत्येक वेळी कारण लागतंच का बुवा? आणि तोच गळ परत शेगड्यात. नेहमी तोच. दांड्यावर एक ओरखडा आहे, मी ओळखतो.

त्यांना एक खोड आहे. काम करताना गुणगुणतात. चाल वर चढते, वळते, खाली येते, आणि शेवटच्या सुरावर टेकायच्या आधी थांबतात. पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर. तो एक सूर घ्यायला काय जातं यांचं? दर पाच मिनिटांनी कात्री टेबलावर तीनदा आपटतात. मी मान वर केली की त्यांचं माझ्याकडे लक्ष असतं. माशीकडे नाही, माझ्याकडे.

देवाचं नाव घेत काम केलं. मनात नाव आणि दातांत दात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कापली. कापली. कापली. तीन दिवसांच्या तीन.

जबडा दुखतोय. दात आवळून बसण्याचा परिणाम असणार. जेवण जात नाही. मावशी ताट परत नेताना म्हणाल्या, खायला वाढते भाऊ, बघायला नाही. मग माझ्या हनुवटीकडे बघून घाईने आत गेल्या. बुवा न म्हणता भाऊ म्हणाल्या, हे मागाहून लक्षात आलं.

आठवून पाहिलं. रविवारपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. आणि भूकही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दाढी करताना पाहिलं. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आलेत. ओठ मिटत नाहीत. त्वचा तांबूस. उपासाने चेहरा ओढला गेला की हाडं दिसतात, तसं असेल.

मावशींना सहज विचारलं, उस्ताद नदीवर कधी जातात, रोज नोंद करतात म्हणून विचारतो. त्यांनी भांडी घासणं थांबवलं. म्हणाल्या, या नदीत मासा कुठला? खाली बांध घातला तेव्हा मी फ्रॉक घालत होते. तेव्हापासून समुद्रातून एक शेपूट वर आलेलं नाही.

मग हौदातले?

त्यांनी नळ सोडला. पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, तुमच्या आधी एक घड्याळजी शिकायला होता. फार सालस माणूस. त्याच्या आधी शिंपी. घड्याळजीची खोली एका सकाळी रिकामी दिसली. चपला दाराशी तशाच. आधीच्या तिघांचं मला ठाऊक नाही, मी तेव्हा इथे नव्हते.

मी विचारलं, मग तुम्ही कशाला राहता. म्हणाल्या, मला राग येत नाही भाऊ. नवरा गेला तेव्हाच संपला तो सगळा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजची माशी मी स्वतः कधी पाहिली नव्हती इतकी चांगली झाली. पंख असा की फुंकर घातली तर उडेल. म्हटलं, ही ठेवू या उस्ताद, मुलासाठी. हात जोडले मी. खरंच जोडले.

छान, म्हणाले. फार छान. आणि कापली.

भानावर आलो तेव्हा लोखंडी शेगडा माझ्या हातात होता, डोक्याच्या वर. टेबलावरून कधी उपटला, माहीत नाही. बोटांतून रक्त येत होतं. उस्ताद हलले नाहीत. हनुवटी वर करून माझ्या तोंडाकडे बघत होते, एखाद्या दुकानदाराने तराजूच्या काट्याकडे बघावं तसे.

खाली ठेवला. कसा ठेवला ते देवाला ठाऊक. त्यांनी लगेच लाल वही ओढली आणि ओळ लिहिली. दिवस मावळायला अजून खूप अवकाश होता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी त्यांनीच ती वही माझ्यापुढे टाकली. पाठ सुटलीय, शिवून द्या बुवा, तुमचाच धंदा आहे.

शिवायची तर आधी उसवावी लागते. उसवली तर पानं हातात येतात. हे त्यांना कळत नसेल?

शेवटच्या पानांवरचं उतरवून ठेवतो.

दिवस १. आला. खुशीत.
दिवस ३. मुलाचा कान, डावा. स्वतःहून सांगितलं.
दिवस ९. कापली. नुसतं बघितलं.
दिवस १५. कापली. वळला.
दिवस १८. खाणं सोडलंय.
दिवस २२. कापली. धावला, धरलं नाही.

मी माझी ही वही शेजारी ठेवली. एकेक तारीख जुळते.

त्याआधीची पानं घड्याळजीची. शेवटची ओळ: दिवस ३१. धरलं. हौदात सोडला. त्याआधी शिंपी. एकेचाळीस दिवस. त्याला काय दाखवलं तेही लिहिलंय. त्याच्या बायकोचा फोटो. ते मी उतरवत नाही.

वही शिवून दिली. टाका नेटका घातला. मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. एवढा राग की डोळ्यांपुढे लाल. आणि तेच तर त्यांना —

२७ नोव्हेंबर

ट्रंक भरली. पुलापर्यंत गेलो. बस उभी होती. पाय पायरीवर ठेवला आणि लक्षात आलं, रविवारी तो येईल. मी नसेन आणि हा म्हातारा दार उघडेल. मुलाच्या पोटातही माझाच राग आहे, माझ्यावरचा, अकरा वर्षांचा. त्याला काय दाखवायचं हे म्हाताऱ्याला मीच सांगून बसलोय.

परत आलो. मावशींच्या फोनवरून मुलाला लावला. येऊ नकोस म्हणायचं होतं. जबडा — शब्द होत नाहीत आता. बोललो ते मलाही कळलं नाही. तो म्हणाला, बाबा, काही ऐकू येत नाही, रेंज नसेल, रविवारी भेटूच.

ठेवला त्याने.

मावशींना लिहून दिलं, फोन करून सांगा. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि दाराकडे पाहिलं. दारात म्हातारा उभा होता. गुणगुणत.

फोन तेव्हापासून जागेवर नाही.

२९ नोव्हेंबर

दोन दिवस बांधलं नाही. शेगड्यासमोर नुसता बसलो. तो स्वतः बांधतोय, त्याच गळावर, ओरखड्याच्या. नजर उतरलीय म्हणे! एकही वेढा चुकत नाही. रिकामी चौकट भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलीय.

काहीही केलं तरी रागवायचं नाही. मुलाला दारातच गाठायचं, दंडाला धरायचं, पुलाकडे चालायचं. बोलता येत नसलं म्हणून काय झालं. सकाळी सहापासून दारात बसतो.

देवा, एवढा उद्याचा दिवस. मला मासा कर, दगड कर, काहीही कर. फक्त त्याच्यासमोर माझा हात उठू देऊ नकोस.

३० नोव्हेंबर, रविवार

दाराला बाहेरून कडी. माझ्या खोलीच्या. सकाळपासून.

अकराला काढली. तोवर मुलगा येऊन पुढच्या खोलीत बसलेला. मध्ये दार उघडं. मला इथे कामाच्या टेबलाशी बसवलंय. तो दिसतो. उंच दिसतो. मला पाहून उठला, चेहरा पडला त्याचा — काय झालं बाबा तोंडाला. उस्ताद म्हणाले, दाताचं दुखणं, बोलू नका म्हटलंय डॉक्टरांनी. त्याने मानलं. डोळे भरले त्याचे. माझ्यासाठी.

उठलो की म्हातारा मुलाच्या जवळ सरकतो. हातात ब्लेड. म्हणून बसलोय. लिहितोय. हातात पेन आहे तोवर हात उठणार नाही. लिहीत राहायचं. एक ओळ. मग दुसरी.

म्हाताऱ्याने माशी मुलाच्या तळहातावर ठेवली. पुरी झालेली. पंख लाल पिवळा निळा. म्हणाला, वडिलांनी तुझ्यासाठी केली. खोटं. मुलगा माझ्याकडे बघून हसला. असा मला बघून तो कधी —

लिही. नाव घे. लिही.

आता डावीकडे जाऊन उभा राहिला. मुलाच्या डाव्या बाजूला. वाकला. त्या कानाशी तोंड नेलं. बोलतोय. हळू. माझ्याकडे बघत. मुलाला ऐकू येत नाही. तो माशीच बघतोय. मला येतंय. सगळं येतंय.

“हा कान कोणी फोडला रे? तुझ्या बुवाने. आणि बरं वाटलं होतं त्याला. विचार त्याला. त्या एका क्षणी किती बरं वाटलं होतं.”

खोटं आहे. खो

खरं आहे.

गुणगुणतोय. त्याच कानात. वर चढली. वळली. खाली. थांबला.

नखाने वाजवतोय. मुलाच्या कानावर. टक टक टक. मुलगा दचकला, हसला, म्हातारा गंमत करतोय असं वाटलं त्याला. पुन्हा. टक टक

पेन धर. पेन धर. हात पेनाचा आहे. देवा पेन

ब्लेड कानाच्या पाळीला टेकवलं आणि माशी त्याच्या हातातून उचलून माझ्या दिशेने धरलीय. दोन बोटांत. हलवतोय. हौद मागे वाजतोय, पाचही आपटतायत. मुलगा म्हणतोय बाबा —

तोंड उघडतंय माझं. मी नाही उघड

पेन ठे